‘अँड सन्स’च्या पाटीमागची नात

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा. दिग्रस घ्या, दारव्हा घ्या, पुसद, वणी, राळेगाव, कुठलंही. बसस्टँडपासून थोडं आत गेलं की एखाद्या जुन्या घराला लागून टिनाचं शेड दिसतंच. आत एक लेथ मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंगचा सेट आणि भिंतीला ठोकलेला शेगडा. जमिनीवर लोखंडाचा कीस आणि काळं तेल. बाहेर पंपाचा शाफ्ट खांद्यावर घेऊन आलेला शेतकरी उभा. तिथूनच आतल्या स्वयंपाकघरात जायचं दार असतं आणि त्या दारातून चहा येतो. म्हणजे घर आणि कारखाना एकाच चौकटीत.

अशा वर्कशॉपची पाटी वाचलीत कधी? ‘अमुक मिस्त्री अँड सन्स’. ‘सन्स’ आता पुण्याला किंवा नागपूरला असतात. त्यांच्यातला एखादा इंजिनीअर असतो, पण त्याचं काम कॉम्प्युटरवर. मिस्त्री पंचाहत्तरीला आलेले. हात अजून स्थिर, पण डोळ्यांना बारीक आटे दिसत नाहीत. मग घरात एक दिवस तो प्रश्न निघतोच, ‘आबाजींनंतर या मशीनचं काय करायचं?’

उत्तरं बहुतेक घरांत तीनच असतात. भंगारवाल्याला किलोवर द्यायचं. कुलूप लावून ठेवायचं. नाही तर शेड पाडून दोन खोल्या काढून भाड्याने द्यायच्या. चौथं उत्तर त्याच घरात, त्याच दारातून चहा घेऊन येत असतं. पण नातीला कोणी विचारत नाही.

मशीन म्हणजे फक्त शिलाईचं?

बचत गटांच्या कामात मी वीस वर्षं आहे. बाईच्या हाताला काम द्यायचं म्हटलं की आपल्याकडे काय देतात, हे मला पाठ आहे. शिलाई मशीन, शेवयांचं मशीन, पापड, मसाला, अगरबत्ती. देऊ नये असं मी म्हणत नाही. शिलाई मशीनवर पोरं शिकवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पण एका गावात दहा शिलाई मशीन आली की अकरावीला ब्लाउज कुठून मिळणार? आणि त्याच गावात बोअरचा पंप बिघडला की तीस किलोमीटरवर जायचं, तिथल्या लेथवर नंबर लावायचा, दोन दिवस ओलित बंद ठेवायचं.

आपल्या गटांनीच घेतलेल्या मिनी डाळ मिलचं बघा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही ‘पीकेव्ही’ मिल विदर्भात बाया चालवतात. तूर घालतात, डाळ काढतात, पिशव्या भरतात, हिशोब ठेवतात. शाफ्ट झिजला की मात्र सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. बाई मशीन चालवू शकते, दुरुस्त करू शकत नाही, असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण सगळे तसंच वागतात.

आणि आपल्या जिल्ह्याला दुरुस्तीची गरज किती! कापसाचा जिल्हा. हंगामात जिनिंग रात्रंदिवस चालतात. डबल रोलर जिनचा रोलर चामड्याच्या वॉशरांचा असतो. तो झिजला की त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, शाफ्ट सरळ करावे लागतात. पावसाळ्याआधी तिफण, वखर, पेरणी यंत्राची कामं. उन्हाळ्यात पंप. पुसद-उमरखेड भागात ऊस, म्हणून चरक. आणि बारा महिने पिठाच्या गिरण्या. ही सगळी कामं मोठ्या कारखान्यात होत नाहीत. एकच शाफ्ट, एकच बुश, एकच पुली, आणि तीही आजच हवी, असं काम घरच्या लेथवरच होतं.

आपली ‘शकुंतला’ आठवा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर धावणारी ती छोटी गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. बांधलं साहेबाने, पण सत्तर वर्षं त्याला चालतं ठेवलं ते इकडच्या मिस्त्र्यांनी, फिटरांनी. आज ती गाडी बंद आहे. पण वस्तू बनवण्याइतकंच ती चालती ठेवणं हेही कसब असतं, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

आधी सूत शिक

माझ्या ओळखीत एका घरी हे चौथं उत्तर खरं झालं आहे. नाव-गाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. बारावीनंतर तिने आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स केला. राज्यात आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. पण टर्नर, मशिनिस्ट, फिटर या वर्गांत मुलगी बोटावर मोजण्याइतकीच. तिच्या वर्गातही फारशा मुली नव्हत्या. सर्टिफिकेट घेऊन ती आजोबांच्या शेडमध्ये उभी राहिली तेव्हा आबाजींनी तिच्याकडे न बघता विचारलं, “हा दांडा किती जाडीचा आहे, सांग.”

तिने व्हर्निअर लावला. “साडेपंचवीस मिलिमीटर, आबाजी.”

“मले मिलिमीटर नाही समजत. आठ सूत म्हण. म्हणजे एक इंच. आधी सूत शिक, मंग मले तुहं मिलिमीटर शिकव.”

बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतलेली मी, हे ऐकून मला गंमत वाटली. पण त्या दोघांमधलं खरं अंतर इथेच आहे आणि पूलही इथेच. मिस्त्र्यांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण जुनी यंत्रं काही कायद्याने बदलत नाहीत. इंग्रजांच्या काळातल्या जिनिंगच्या मशीन, जुनी तेलाची इंजिनं, यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे, व्हिटवर्थ पद्धतीचे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे असतात. आजच्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला दर पावणेदोन मिलिमीटरला एक आटा. आट्यांचा कोनही वेगळा, त्याचा ५५ अंश, याचा ६०. वरवर बघितलं तर दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर जोर लावून फिरवला की आटे गेलेच.

आजोबांच्या पेटीत इंचाच्या मापाचे टॅप आणि डाय पडलेले असतात. भंगारवाला ते डोळे झाकून किलोवर नेतो. पण जुन्या यंत्राच्या मालकाला तेच हवे असतात आणि बाजारात ते सहज मिळत नाहीत. नातीला हे कळलं ते आजोबांमुळे. आणि नवीन ट्रॅक्टरच्या भागांचे ड्रॉइंग वाचायला आजोबा शिकले ते नातीमुळे. दोघं मिळून एक मिस्त्री झाले, असं तिची आई म्हणते.

हातात काय काय घ्यायचं?

‘आजोबांचं वर्कशॉप चालवायला घेतलं’ हे बोलायला सोपं. प्रत्यक्षात हातात काय काय येतं? मी तिच्याकडून आणि दोन-तीन जुन्या मिस्त्र्यांकडून समजून घेतलं, ते तुमच्यासाठी सांगते.

पहिलं म्हणजे माणूस आहे तोवर माणसाकडून घ्या. दुकानातली अर्धी संपत्ती कपाटात नसते, डोक्यात असते. कुठल्या गिरणीचा शाफ्ट दरवर्षी कुठे झिजतो, बिडाच्या तुकड्याला वेल्डिंग करण्याआधी तो किती तापवायचा आणि नंतर राखेत हळूहळू कसा थंड करायचा, कोणते आटे पाडायला कोणते गिअर बदलायचे. त्या मुलीने शंभर पानांची वही केली. रोज संध्याकाळी एक काम लिहायचं. काय आलं, काय बिघडलं होतं, आबाजींनी काय केलं. शेवटचं वाक्य नेहमी आबाजींचं, त्यांच्याच बोलीत. आज पंपाचं अवघड काम आलं की ती आधी वही काढते.

दुसरं, मशीनची खरी तब्येत तपासा. लेथचा बिडाचा लांब पाया असतो, त्याला बेड म्हणतात. बहुतेक कामं चकच्या जवळ होतात, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो आणि दुसऱ्या टोकाला तसाच राहतो. त्यामुळे सरकणारा भाग चकजवळ ढिला आणि टोकाला घट्ट लागतो. एक साधी परीक्षा आहे. एक दांडा चकमध्ये धरून हलकी कात घ्यायची आणि दोन्ही टोकांची जाडी मापायची. फरक आला, तर तो कुठून येतो हे जाणकाराला दाखवायचं. कधी कधी नुसतं मशीन लेव्हलमध्ये बसवलं तरी फरक जातो. जुनी कंपनी बंद असेल तर सुटे भाग कंपनीकडून मिळत नाहीत. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ एकेकाळी नावाजलेले. तो कारखाना बंद पडून दोन दशकं उलटली. पण लेथची एक खुबी आहे. त्याचे बरेचसे भाग दुसऱ्या लेथवर बनवता येतात.

तिसरं, उधारीची वही. आबाजींचा स्वभाव ‘कापूस विकला की दे’ असा. ते चुकीचं नव्हतं, आपल्याकडे सगळा व्यवहारच हंगामावर चालतो. पण माणूस गेला की उधारी बुडते, कारण मागणार कोण? नातीने आजोबांना सोबत घेऊन एकेका जुन्या गिऱ्हाइकाकडे चक्कर मारली. पैसे काही ठिकाणी आले, काही ठिकाणी नाही. पण ‘आता ही बसते मशीनवर’ हे आबाजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गिऱ्हाईक टिकलं ते त्या एका वाक्याने, असं ती मानते.

चौथं, वीज. घराच्या मीटरवरच लेथ चालतो अशी कितीतरी वर्कशॉप असतात. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. मीटर कुणाच्या नावावर आहे, कोणत्या कामासाठी मंजूर आहे, भार किती, हे आधी बघा. अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ओल येते, तेव्हा ही गोष्ट जिवावरची असते.

बांगड्यांचा प्रश्न

पाचव्या गोष्टीवर त्या घरात खरं भांडण झालं.

फिरत्या लेथजवळ ओढणी नको, पदर नको, मोकळी वेणी नको, अंगठी नको, बांगड्या नकोत, गळ्यात लोंबणारं काही नको. ऐकून नवल वाटेल, पण हातमोजेसुद्धा नकोत. मोज्याचा एक धागा फिरत्या दांड्यात अडकला तर तो हात ओढून नेतो. धारदार कीस हाताने कधी ओढायचा नाही, आकड्याने ओढायचा. डोळ्याला चष्मा हवाच. आणि चकची किल्ली चकमध्ये विसरून मशीन चालू करायचं नाही. ती गोळीसारखी सुटते. आबाजींचा नियम असा होता की किल्ली एक तर हातात, नाही तर खुंटीवर. तिसरी जागा नाही.

आजीला हे पटेना. कुवार पोरीचे हात भुंडे? लोक काय म्हणतील? आबाजी मशीनवर बोलतात तेवढेच बोलले, “बांगडी राहीन अन् हात जाईन, चालते काय?” मग तोड निघाली. शेडच्या दाराशी एक खुंटी ठोकली. आत जाताना बांगड्या खुंटीवर, बाहेर आल्यावर हातात. आजीने स्वतः त्या खुंटीला हळदकुंकू वाहिलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते तेव्हा आता त्या खुंटीचीही होते.

कायद्यानेही बायकांना यंत्रापासून थोडं लांबच ठेवलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ होतं. धोका असेल अशा ठिकाणी चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी किंवा जुळवणी बाईने आणि अल्पवयीन मुलाने करायची नाही, असं त्यात म्हटलं होतं. हेतू संरक्षणाचा. पण चालू यंत्रात हात घालणं पुरुषालाही तितकंच घातक नाही का? घरातल्या एका लेथला तो कायदा लागू नव्हताच, तो दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पण ‘बाई आणि लहान मूल’ ही जोडी समाजाच्या डोक्यात पक्की बसली ती बसलीच.

मालकी कोणाची?

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. काम नातीने करायचं, पण मशीन कुणाचं?

आपल्याकडे मुलींच्या हक्काचे कायदे झाले. महाराष्ट्राने १९९४ साली, मग केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. पण आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं लेथ ही त्यांची स्वकष्टार्जित वस्तू. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर ती त्यांच्या पत्नीला, मुलांना आणि मुलींना सारखी जाते. आई हयात असेल तर तिलाही. नातीचे वडील जिवंत असतील तर नातीचा त्यात थेट हिस्सा नाही. म्हणजे दहा वर्षं मशीनवर राबलेली मुलगी आबाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कायद्याने त्या मशीनची कोणीच नसते. काकाने म्हटलं, माझा हिस्सा विका, तर तिचं काही चालत नाही.

म्हणून आजोबांचं मन असेल तर ते कागदावर आलं पाहिजे. मृत्युपत्र लिहा, खाली सही, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. किंवा हयातीतच बक्षीसपत्र करा. शेडची जागा वेगळी आणि यंत्रं वेगळी, हेही ध्यानात ठेवा. जागेचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. यंत्रांची यादी करा, प्रत्येकाचा फोटो काढा. आणि हे चोरून नको, सगळ्यांना बसवून करा. चोरून केलेल्या कागदाने घर फुटतं.

त्या घरात सगळे बसले. पुण्याचे काका आले. दोन्ही आत्या आल्या. बाकीच्यांचा हक्क राहू नये म्हणून नाही, तर पुढे कोणाच्या मनात राहू नये म्हणून आबाजींनी सर्वांसमोर वाचून दाखवलं. घरात, शेतात सगळ्यांचे हिस्से ठेवले, फक्त यंत्रं आणि हत्यारं नातीला. काकांनी हो म्हटलं. धाकट्या आत्यानेही हो म्हटलं. मोठी आत्या मात्र गप्प. सगळ्यांना वाटलं, हिला मान्य नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मान्य आहे. मी बी लहानपणी बाबाले हत्यारं काढून देत होती. पान्हा कोणता लागते, ते मले बाबाच्या आधी समजे. मले कोणी विचारलं असतं, तं मीच बसली असती मशीनवर.”

आबाजी काहीच बोलले नाहीत म्हणे. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीचा गाभा त्या आत्यात आहे. आपल्या कितीतरी घरांत अशी एक आत्या असेल. तिला हत्यारांची नावं येत होती, तिचा हात बसला होता, पण वेळ आली तेव्हा ती पाटीवरच्या ‘सन्स’मध्ये मोडत नव्हती.

लोखंडातून निघालेलं मासिक

एक जुनी गोष्ट सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले, जिथे भावाच्या मदतीने सायकलचं दुकान होतं. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ साली लोखंडी नांगर. शेतकऱ्याला वाटे लोखंडाने जमीन नासेल. तो नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना गेला, त्याचं किर्लोस्करवाडी झालं. पुढे मुलगा शंतनुराव, मग नातवंडं. एका छोट्या दुकानातून तीन पिढ्यांचा उद्योग उभा राहिला.

त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगर आणि पंप घडवणाऱ्या गावातून बायकांच्या शिक्षणाचे, लग्नाचे, स्वातंत्र्याचे प्रश्न महाराष्ट्रभर गेले. आपण आज अशा पुरवण्या वाचतो त्यामागे तेही एक ऋण आहे. पण त्या काळी बाईच्या हातात मासिक गेलं, लेथ गेला नाही. त्याला फार वेळ लागला. लीला पूनावाला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन १९६७ साली बाहेर पडल्या आणि पुढे अल्फा लावल इंडियाच्या प्रमुख झाल्या. १९७४ च्या सुमारास सुधा मूर्तींनी ‘महिला उमेदवारांनी अर्ज करण्याची गरज नाही’ या टेल्कोच्या जाहिरातीवर जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि कारखान्यात जागा मिळवली. ही मोठी नावं झाली. पण त्या शिकून, परीक्षा देऊन, मुलाखतीतून आत गेल्या. आपल्या तालुक्याच्या गावातल्या नातीला मुलाखत द्यायची नाही. तिचा कारखाना स्वयंपाकघराला लागून आहे. तरी तिला दार उघडायला कोणी तयार नसतं, याला काय म्हणावं?

पैशाचं गणित

कोणी म्हणेल, ताई, हे सगळं छान, पण पोट भरतं का? प्रामाणिकपणे सांगते. एका लेथवर कोणी श्रीमंत होत नाही. तयार बुश, तयार बेअरिंग बाजारात स्वस्त मिळतात. हंगामात रात्री अकरापर्यंत काम आणि भादव्यात शेड रिकामं. म्हणून त्या मुलीने वेल्डिंग शिकून घेतलं आणि तीन गटांच्या डाळ मिलचं वर्षभराचं देखभालीचं काम ठरवून घेतलं. शेतीत एक वर्ष बुडालं की घर बुडतं, हे आपल्या जिल्ह्याने फार भोगलं आहे. कापसाच्या भावावर न लटकणारं एखादं उत्पन्न घरात असणं म्हणजे काय, ते इथल्या बाईला समजावून सांगायला नको.

योजनांचंही खरं ते सांगते. २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली, १८ पारंपरिक व्यवसायांसाठी. त्यात लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडा आणि अवजारं बनवणारा आहे, टर्नर नाही. २००८ च्या पीएमईजीपी योजनेत ग्रामीण महिलांना अनुदान जास्त होतं, पण अट नव्या उद्योगाची. आजोबांचं चालू वर्कशॉप पुढे नेणारी मुलगी ‘नवी’ कशी ठरणार? एका बँकेत तिला सरळ विचारलं गेलं, “शिलाई मशीनचं कर्ज हवं का?” शेवटी दुसरीकडे मुद्रा योजनेतून काम झालं. त्याआधी तिने उद्यम नोंदणी केली. ती फुकट होते आणि घरी बसून होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि हेही सांगायला हवं की प्रत्येक नातीने लेथ धरलाच पाहिजे असं नाही. मन नसेल, बेड पार झिजलेला असेल, घेणारं कोणी नसेल, तर विका. खुशाल विका. पण किलोवर विकू नका. चालतं लेथ हे चालतं लेथ म्हणून विका, टॅप-डाय वेगळे विका, जवळच्या आयटीआयत किंवा होतकरू मिस्त्र्याकडे आधी विचारा. चाळीस वर्षं घर पोसलेल्या वस्तूला तेवढा मान द्यावा.

फक्त विकण्याआधी एकदा घरातल्या मुलींना विचारा. बापाला नाही, भावाला नाही, थेट त्यांना. ‘तुला शिकायचं आहे का?’ एवढंच. नाही म्हणाल्या तर काही बिघडत नाही, प्रश्न विचारल्याचं समाधान राहील. हो म्हणाल्या तर आबाजींजवळ स्टूल टाकून द्या, हातात वही द्या, दाराला खुंटी ठोका आणि वकिलाकडे जाऊन या. आणि जमलंच, तर पाटी रंगवणाऱ्याला बोलवा. ‘अँड सन्स’च्या पुढे दोन-तीन अक्षरांची जागा बहुतेक पाट्यांवर शिल्लक असते.